सांडव्यावरचा थर

कोळशाच्या तुकड्याने मनिरामने ओसरीच्या सारवलेल्या भुईवर एक लांब रेघ ओढली, तिच्या टोकाशी गोल काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे गोंदिया. अठी गाडी बदलाची."

शामकला समोरच सूप घेऊन बसली होती. भाजलेले चणे तळव्यांनी चोळायचे, टरफल फुंकरीने उडवायचं, डाळ डब्यात टाकायची. सातू दळायला अजून अवकाश होता; पण वाटेत नवऱ्याला भूक धरवत नाही हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

"अना सामान?"

"सामान हमाल नेते इकडून तिकडं. मंग ही दुसरी लहान गाडी. बालाघाट. मंग घाट चढून नैनपूर." त्याची रेघ उंबऱ्याच्या दिशेने वर वर सरकत होती. "नैनपुराहून मंडला. मंडल्याले नर्मदा. अना तिच्या पलीकडं..." त्याने हात पसरून उरलेली सगळी ओसरी दाखवली. "हे सारं रान."

कुंदा रांगत आली, नैनपुरावर गुडघा टेकवून थांबली आणि बापाच्या हातातला कोळसा ओढू लागली.

"गेलं नैनपूर," शामकला म्हणाली. "तुमच्या लेकीनं पुसून टाकलं."

"नैनपूर गेलं तं चुन्नीलाल बी गेला. मंग बैलगाडी कोन देते आपल्याले?"

चुन्नीलाल हा मनिरामचा भंडाऱ्याच्या शाळेतला सोबती. मॅट्रिक झाल्यावर तो एका लाकडाच्या ठेकेदाराकडे नैनपूरला लागला होता. रुळांखाली घालायच्या सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, दांड्यांचा हिशेब ठेवायचा. यंदाच्या होळीला त्याने निरोप धाडला होता, भाभी को भी लाना, छप्परवाली गाडी और दो बैल मेरे. तेव्हापासून मनिराम रोज नवी वाट काढत होता. कधी मंडल्यावरून, कधी बैहरवरून. रोज वाट वेगळी असायची, पण शेवटी ती त्याच रानात शिरायची.

"वाघ हाय म्हनते तठी," तो म्हणाला.

"असू द्या. दिसला तं मी तुमाले पुढं करीन अना पोरगी घेऊन पळीन."

"अना बैल?"

"बैल पळून जाईन. त्याले पळासाठी मॅट्रिक नाई व्हा लागत."

मनिराम हसला. तीही हसली, सुपातले चणे उधळले. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि या घरात ती एवढ्या मोठ्याने कधी हसली नव्हती.

तिला त्या रानात एकच गोष्ट बघायची होती. तिचे वडील चिचगडचे. हिरडा, लाख, डिंक गाड्यांत भरून विकायला न्यायचे, आणि एकदा त्या उत्तरेकडच्या रानातून गाड्या घेऊन आले होते. आपल्याकडचा सागवान उन्हाळ्यात उघडा पडतो बाई, ते सांगायचे, तठी सरई हिरवीच्या हिरवी राहते. भर दुपारी बैलाच्या पाठीवर उन्हाचा ठिपका पडत नाई, अना दिवसभर चाललं तरी रान सरत नाई. ती म्हणायची, खोटं. ते म्हणायचे, चाल दाखवतो. तिच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. दाखवायचं राहिलं. आता कुंदाला मांडीवर घेऊन त्या सावलीत एकदा बसायचं, वर बघायचं, वडील खरं बोलत होते की थाप मारत होते ते ठरवायचं. एवढंच तिला हवं होतं.

सासू देवकाबाई परसातून लाकडं घेऊन आली आणि ओसरीत थबकली.

"सारवलेल्या भुईवर काय काढून रायला हे?"

"रान हाय, आई."

"बाहीर का कमी पडलं रान?" तिने लाकडांचा भार सावरला, पाय उचलला, आणि मधेच थांबली. "ही कोनती रेघ?"

"नर्मदा."

उचललेला पाय देवकाबाईने मागे घेतला. भार डोक्यावर तसाच, ती भिंतीला घासत, त्या रेघेला लांब वळसा घालून घरात गेली.

*

संध्याकाळी उदाराम उसाला पाणी देऊन आले. पाय धुतले, पाटावर बसले. मनिरामचे वडील बोलायचे कमी आणि जेवायचे सावकाश. आजोबा-पणजोबांनी बांधलेला तलाव त्यांच्याकडे होता. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरात माणसाची ओळख त्याच्या तलावावरून होते, आणि उदारामांचा तलाव उन्हाळ्यातही तळ दाखवत नाही हे आसपासच्या गावांना माहीत होतं.

"कवा निघून रायला?" त्यांनी भात कालवत विचारलं.

"सोमवारी," मनिराम म्हणाला.

"कोन कोन?"

"मी, अना ही, अना पोरगी."

उदारामांनी घास घेतला, चावला, गिळला.

"यंदा सांडवा कोठी वायला?"

ओगराळं घेऊन उभी असलेली शामकला तिथेच थांबली.

या घराचा नेम होता. नवी सून येते तेव्हा माहेरच्या तलावाचं पाणी तांब्यात घेऊन येते आणि सासरच्या तलावात ओतते. तिथून तिचं पाणी आणि तलावाचं पाणी एक. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, की त्याच्याजवळ जास्तीचं झालं. मग सुनेने माहेरी जावं, जत्रेला जावं, कुठेही जावं. पण ज्या साली सांडवा वाहिला नाही त्या साली पुढचा पावसाळा येईपर्यंत तिने शीव ओलांडायची नाही. ती गेली तर तिच्यामागे पाणी जातं. सांडव्याखालचा नाला हीच गावाची शीव होती.

लेकांसाठी असा नेम नव्हता. त्यांनी तलावात काही ओतलेलं नसतं.

शामकलाने नवऱ्याकडे पाहिलं. तो आता काही बोलेल. रोज नवी वाट काढणारा माणूस. इथूनही एखादी काढील.

"बरं," मनिराम म्हणाला, आणि वरण मागितलं.

तिने वरण वाढलं. 

भांडी घासायला ती परसात बसली तेव्हा तो मागून आला. उभा राहिला. मग उकिडवा बसला.

"राग नोको करू. मी जाऊन येतो नं. पाहून येतो अना तुले सांगीन सारं. एकूण एक."

राखेने माखलेला तिचा हात पातेल्यात होता. तो पातेल्यातच राहिला. मनिराम उठून गेला. घरात येऊन तिने चण्याच्या डाळीच्या डब्याचं झाकण मुठीने ठोकून बसवलं. ते बसलं होतंच. तिने आणखी ठोकलं.

*

राग कशाचा हे तिला नीट सांगता आलं नसतं. सहलीचा तर होताच. पण त्याच्याखाली दुसरा होता, जुना.

भादव्यात कुंदा झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. श्रावणात तिचा भाऊ चिचगडहून गाडी घेऊन आला, गाडीत भाताचं मऊ तणस, आईची गोधडी, उशाला गाठोडं. त्या साली पाऊस काही कमी नव्हता. माजघरात बसूनही तिला पागोळ्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, आणि परसातून पाहिलं तर पाणी पाळीला, तलावाच्या बांधाला, टेकल्यासारखं दिसायचं. रोज मामाजी, म्हणजे सासरे, पाहून यायचे आणि रोज म्हणायचे, नाई वायला अजून. भावाने वाट पाहिली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. आई आली नाही. लेकीच्या सासरी जाऊन तिच्या घरचं अन्न खायचं कसं? कळा सुरू झाल्या तेव्हा देवकाबाईने तिला मागून धरलं होतं. सासूचे हात चांगले होते, घट्ट होते. पण शामकला सगळा वेळ ओरडली ते आईच्या नावाने.

तेव्हा तिने पाण्याला बोल लावला नव्हता. पाणी आलं नाही, त्याला काय करणार.

सांडव्याचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. धुवायची गरज नव्हती. पण काहीतरी आपटायला हवं होतं. तलावाचं पाणी वैशाखात खूप आत सरकलं होतं. चिखल तुडवत ती आत गेली आणि दगडावर एकेक गोधडी अशी आपटली की पलीकडच्या बायकांनी वळून पाहिलं.

"अवं, जीव घेतेस का तिचा?" एकीने विचारलं.

"जीव असता तं घेतला असता," शामकला म्हणाली.

वाळत घालायला जागा शोधत ती पाळीच्या टोकाला गेली. तिथे सांडवा होता. पावसाळ्यात तिकडे फक्त पुरुष जायचे, आणि एरवी बायांना तिथे काही काम नसायचं. आता दगड कोरडे, तापलेले, स्वच्छ. तिने पहिली गोधडी पसरली, दुसरी पसरली, आणि तिसरी पसरताना तिचा हात वरच्या थरावर थांबला.

खालचे दगड जुने होते, पाण्याने गुळगुळीत झालेले. सगळ्यात वरचा थर मात्र पांढरट, धारदार. सांध्यांतला चुना नवा.

ती आतल्या बाजूने वाकली. पांढऱ्या दगडांवर, चांगल्या वीतभर उंचीवर, वाळलेल्या शेवाळाची आडवी रेघ गेली होती. रेघेत बारीक बारीक गोगलगायींची शिंपली चिकटली होती. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथवर चढून उभं राहिलं होतं. पांढरा थर नसता तर ते पाणी वीतभर जाडीने सांडव्यावरून धो धो गेलं असतं. श्रावणात. तिचा भाऊ गाडी घेऊन थांबला होता तेव्हा.

तिने नखाने एक शिंपलं उकरलं. तळहातावर घेतलं. मग मूठ मिटली आणि ते पीठ होईपर्यंत मिटूनच ठेवली.

"पोरगी रडून रडून बेजार झाली अना तू अठी गोधड्या मोजून रायली!"

देवकाबाई कुंदाला कडेवर घेऊन पाळीवरून येत होती. शामकलाने पोरगी घेतली, सांडव्यावरच बसली, पदराखाली घेतली. पोरगी हावऱ्यासारखी पिऊ लागली. तिचं डोकं थोपटत, आवाज अजिबात न चढवता शामकला म्हणाली,

"मामीजी, हे पाहा."

"काय पाहू?"

"ही रेघ."

देवकाबाईने पाहिलं. "पान्याची हाय. त्यात काय पाहाचं?"

"अना हा दगड कवाचा?"

कोहळ्याच्या घरात सासूचं आयुष्य गेलं होतं. पाण्याची रेघ तिला समजावून सांगावी लागत नव्हती. तिने पांढऱ्या थरावर हात ठेवला. मग तो हात खाली सरकला. पांढऱ्याखाली लाल दगडांचा एक थर होता. त्याच्याखाली काळे, चौकोनी. आणि त्याच्याही खाली, तळाशी, पहिल्या माणसाने बसवलेले न घडवलेले धोंडे. तिचं बोट लाल दगडावर थांबलं.

"हा मी आली त्याच्या दुसऱ्या साली बसला," ती म्हणाली. "लहान गाडी नवी नवी होती. माही बहीण निर्मला मंडल्याले जाऊन रायली होती, नर्मदेवर. मले म्हने, चाल. म्या तुह्या मामाजीले इचारलं. ते म्हनाले, सांडवा वायला की जाय. म्या अख्खा पावसाळा पाह्यलं."

"वायला नाई?"

"लाल दगड नाई बुडला."

कुंदाने पिणं थांबवून आजीकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड लावलं.

"अना हा काळा?" शामकलाने विचारलं.

देवकाबाईने काळ्या दगडावरची माती अंगठ्याने पुसली.

"तो माह्या आंदीचा," ती म्हणाली. "माह्या सासूले कोठी जाचं होतं, ते म्या कवा इचारलंच नाई."

ती उठली. चार पावलं गेली आणि वळली.

"वरचा थर बसवाले माहा लेक होता का?"

हा विचार शामकलाच्या मनात आलाच नव्हता. आता आला, आणि ती पोरीला घेऊन उठली.

*

मनिराम गोठ्याशेजारी पेटीला दोरी बांधत होता. सोमवार उद्यावर आला होता.

"सांडव्यावरचा थर कोनं बसवला?"

"कोनता?"

"पांढरा."

"आमीच. बाबा, मी, अना आपला गडी बिसराम. मागच्या उन्हाळ्यात." त्याने गाठ आवळली. "काऊन?"

"मले सांगतलं नाई."

"त्यात सांगाचं काय? दगड हाय."

"तुमच्या दगडापाशी पाणी थांबलं होतं. वीतभर. जुना सांडवा असता तं सरावनातच वायला असता, अना मी माह्या आईजवळ असती."

त्याचे हात दोरीवर थांबले. 

"बसवून रायलो तवा मले तसं वाटलं नाई," तो म्हणाला.

"अना मंग?"

त्याने आवळलेली गाठ पुन्हा सोडली.

"मंग वाटलं का कवा? गाडी रिकामी गेली तवा? मी आत ओरडून रायली होती तवा?"

"वाटलं," मनिराम शेवटी म्हणाला. "पन बाबाले कोन म्हनावं?"

त्याने खोटं सांगितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. हा माणूस वाईट नव्हता. पोरीला छातीवर निजवायचा, बायकोच्या पायाला काटा लागला तर स्वतः काढायचा. आणि याच हातांनी त्याने चुना कालवला होता. तिला त्या हातांवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. जवळ फक्त पोरगी होती. तिने पोरीला घट्ट धरलं.

"बरं," ती म्हणाली. अगदी त्याच्यासारखं.

रात्रीच्या जेवणाला देवकाबाईने स्वतः वाढलं. उदाराम पहिला भात संपवेपर्यंत थांबली.

"सांडवा कायले वाढवला जी?"

"ऊस वाढला. पाणी पुरत नाई. म्हून वाढवला." ते सहज बोलले. "तुले गूळ लागते का नाई?"

"लागते."

"मंग?"

"मंग सांडवा वायला असं कवा म्हनाचं? पहिल्या दगडावरून वायला तं, का शेवटच्या?"

उदारामांनी मान वर केली. बायकोचा असा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच आला होता.

"सांडवा जसा हाय तसा. त्याच्यावरून पाणी गेलं म्हंजे वायला."

"थर वाढवला की नेम बी वाढते म्हना."

"नेम माह्या आज्याचा हाय. त्याच्यात माहा हात नाई."

"दगडाले होता," देवकाबाई म्हणाली.

मनिरामने घास तोंडाशी नेला आणि तो तिथेच राहिला. उदारामांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण ओरडायची त्यांना सवय नव्हती, कारण ओरडायची वेळ कधी आलीच नव्हती.

"जसा हाय तसा," ते पुन्हा म्हणाले. "त्याच्यावरून पाणी गेलं की जा कोठी जाचं ते."

"बरं," देवकाबाई म्हणाली, आणि त्यांच्या पानात कढी वाढली.

*

उजाडताना देवकाबाईने शामकलाला हलवलं. तिच्या खांद्यावर सब्बल होती, गडी खड्डे खणायला वापरत ती लोखंडी पहार.

"पोरगी घे. अना दोन घागरी."

शामकलाने काही विचारलं नाही. पाळीवर मोहाच्या झाडाखाली गोधडी पसरून तिने कुंदाला बसवलं. तिथेच दोन गाठोडी आधीच ठेवलेली होती. एक तिचं स्वतःचं, सातूच्या डब्यासकट. दुसरं सासूचं. त्यातून ठेवणीतल्या लुगड्याचा काठ डोकावत होता.

पांढरा दगड शामकलाने काढला. चुना कच्चाच होता. सब्बल सांध्यात घालून तिने अंगाचा भार टाकला, पुन्हा टाकला, आणि दर वेळी दातांमधून काहीतरी बोलत राहिली. काय, ते देवकाबाईने ऐकलं नाही किंवा ऐकू आलं तसं दाखवलं नाही. दगड सुटला, कडेवरून गडगडत खाली नाल्यात जाऊन पडला.

लाल दगडाला शामकला हात लावणार तर सासूने सब्बल मागून घेतली.

"हा माहा हाय."

त्याला वेळ लागला. म्हातारीचे हात लागलीच सोलवटले. शामकला दोनदा पुढे झाली आणि दोनदा देवकाबाईने तिला कोपराने मागे सारलं. तो निघाला तेव्हा ती सब्बल टेकून उभी राहिली, श्वास घेत, आणि त्या रिकाम्या जागेकडे अशी पाहत राहिली, की शामकलाने नजर दुसरीकडे वळवली.

काळा दगड हातानेच आला. त्याला धरून ठेवणारं आत काही उरलंच नव्हतं. माती झाली होती सगळ्याची. देवकाबाईने तो इतरांसारखा ढकलला नाही. दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

मग घागरी. सरकलेल्या पाण्यापासून सांडव्यापर्यंत चढ होता, चिखल होता. पहिल्या घागरी त्या खाचेतल्या तहानलेल्या मातीने पिऊन टाकल्या. पुढच्या दगडांच्या सांध्यांत गेल्या. दोघी येत होत्या, ओतत होत्या, जात होत्या. लुगडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली. शामकलाला आईची आठवण आली, आणि श्रावणातल्या रिकाम्या गाडीची, आणि तिने घागर अशी रिकामी केली की पाणी उसळून सासूच्या तोंडावर उडालं. देवकाबाईने पदराने तोंड पुसलं.

"तसंच ओत," ती म्हणाली. "तसंच."

शेवटी पहिल्या धोंड्याच्या डोक्यावर पाणी जमलं, फुगलं, आणि पलीकडे घसरलं. बोटाएवढी धार. ती धोंड्यावरून उतरली, खालच्या गवतात शिरली, नाल्यात आली. मोहाखाली कुंदाने टाळ्या वाजवल्या. ती कावळ्याला पाहूनही वाजवायची.

बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. अर्जुनी स्टेशनाची वाट नाल्यातूनच जात होती. पुढे बिसराम गाडी हाकत होता, आत पेटीवर मनिराम, आणि लेकाला शिवेपर्यंत पोचवायला उदाराम बाजूने चालत होते. सांडव्याची खाच पाहून ते जागीच थांबले.

"हे काय करून ठेवलं?"

"सांडवा वायला," देवकाबाई म्हणाली. "पाहा."

उदारामांनी पाहिलं. पाण्याची ती बारीक रेघ त्यांच्या जोड्यापर्यंत आली होती. ते मागे सरले नाहीत. त्यांचे डोळे खाचेतल्या पांढऱ्या, लाल, काळ्या कडांवरून खाली उतरले आणि तळाच्या धोंड्यावर थांबले. तो धोंडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"जसा हाय तसा म्हनाले होते तुमी," देवकाबाई म्हणाली. "आता हा असा हाय. मिरगाच्या आंदी बसवून घेजा. अना चुना जरा बरा वापरजा. मागचा कच्चा होता."

बिसरामने बैलांकडे पाहायचं काम मन लावून सुरू केलं.

"घरी कोन पाहीन?" उदाराम म्हणाले. राग अजून आवाजात होता, पण त्याला जायला जागा सापडत नव्हती.

"तुमी हाओ नं. आमी पाहून येतो." देवकाबाईने गाठोडं काखेत घेतलं. "आल्यावर तुमाले सांगीन सारं. एकूण एक."

शामकलाने झटकन सासूकडे पाहिलं. परसातलं बोलणं घरात ऐकू जातं, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

देवकाबाई पाण्याच्या रेघेपाशी आली. क्षणभर थांबली. मग लुगडं जरा वर धरलं, पाय उचलला आणि सरळ ओलांडून गाडीत जाऊन बसली.

मनिराम खाली उडी टाकून उतरला होता. त्याने बायकोपुढे हात केला. शामकलाने त्या हातात गाठोडं दिलं. पांढरा दगड गाडीच्या मागेच पडला होता. कुंदाला कडेवर घेऊन तिने त्याच्यावर पाय दिला आणि आपली आपण वर चढली. तणसात बसली. पोरगी मांडीवर घेतली, पदर ओढला.

गाठोडं छातीशी धरून मनिराम नाल्यात उभा होता. गाडीत त्याच्या पेटीवर आता त्याची आई बसली होती.

"मी कोठी बसू?" त्याने विचारलं.

शामकलाने पोरीच्या डोळ्यांवरचं ऊन तळहाताने अडवलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मागं बसा," ती म्हणाली. "वाघ मागून येते म्हनते."